ब्लॅकबेरी ठेवू की सोडू?

वकीलसाहेब, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्याकडे २०१८ साली घेतलेला ब्लॅकबेरी की-टू आहे. कीबोर्डवर बोटं इतकी बसलेली की हायकोर्टाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या, फोनकडे न बघता, पक्षकाराला चार ओळींचं उत्तर जातं. पण आता बॅटरी दुपारीच मान टाकते, बँकेच्या ॲपने 'या फोनवर ही सेवा लवकरच बंद होईल' अशी पाटी दाखवली आहे, आणि ज्युनिअर रोज मागे लागलाय, सर, बदला आता. तुम्हाला बदलायचा नाही. बॅटरी टाकून रेटावा, कीबोर्डवाला नवा फोन कोणी काढेल म्हणून थांबावं, की सोडून द्यावा, असं तुम्ही विचारलंत.

माझं उत्तर: बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि तुमचा मुख्य नंबर या महिन्यात दुसऱ्या फोनवर न्या. ब्लॅकबेरी विकू नका आणि फॉरमॅट तर अजिबात करू नका.

मी इंदुरात जेल रोडवर फोनदुरुस्तीचं आणि बिघडलेल्या फोनमधला डेटा काढून देण्याचं काम करतो, नोकियाच्या बटणांच्या काळापासून. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळली. लोक फोन मेल्यावर येतात. डिस्प्ले काळा पडला, बोर्ड शॉर्ट झाला, मग हातात पिशवी घेऊन येतात आणि म्हणतात, 'फोन जाऊ दे, आतलं तेवढं काढून द्या.' आणि तिथंच अडतं, कारण आजच्या फोनमधून बाहेर पडायला तोच फोन चालू लागतो. त्याच्या पडद्यावर कोड यावा लागतो, त्याच्यातून एसएमएस जावा लागतो, त्याला बोटाचा ठसा द्यावा लागतो. प्लॅटफॉर्म संपत आलाय की नाही यावर वाद घालायला माझी ना नाही, पण तुम्हाला ठरवायचंय ते वेगळंच आहे: निघायचा दिवस तुम्ही ठरवणार, की दुसरं कोणी?

दुसरं कोणी म्हणजे कोण, ते जुन्या उदाहरणांवरून सांगतो.

फेब्रुवारी २०११मध्ये नोकियाचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की आपण समुद्रातल्या जळत्या तेलफलाटावर उभे आहोत. त्याच आठवड्यात मायक्रोसॉफ्टबरोबरची भागीदारी जाहीर झाली. नोकियाच्या स्मार्टफोनमधली सिस्टिम म्हणजे सिंबियन, तिचा निकाल तिथंच लागला. पण नॉव्हेल्टी मार्केटच्या काउंटरवर दुसऱ्या दिवशी काय झालं? काहीच नाही. ई-सिरीज आणि एन-८ तशाच विकल्या जात होत्या. पुढच्या वर्षी तर नोकियाने ८०८ प्युअरव्ह्यू काढला, ४१ मेगापिक्सेलचा. तोच सिंबियनचा शेवटचा फोन निघाला, आणि कॅमेऱ्यात त्याच्या जवळपास फिरकणारा तेव्हा बाजारात दुसरा नव्हता. म्हणून सिंबियनवाले छाती काढून विचारायचे, कुठं संपलंय? १ जानेवारी २०१४पासून नोकियाच्या स्टोअरने सिंबियनसाठी नवी ॲप्स आणि अपडेट घेणं थांबवलं. तेही फारसं कोणाला टोचलं नाही, कारण फोनमध्ये जे होतं ते चालत होतं. टोचलं ते ३० जून २०१७नंतर, व्हॉट्सॲपने हात काढून घेतला तेव्हा. गर्दी झाली ती त्या आठवड्यात. कंपनीने हात वर केले त्याला तोवर सहा वर्षं उलटली होती.

विंडोज फोनचंही तसंच. जुलै २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या नोकियाच्या फोनधंद्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवले आणि ७,८०० नोकऱ्या कापायचं जाहीर केलं. हिशेब समजणाऱ्याला त्या दिवशीच समजलं. पण ल्युमिया, म्हणजे नोकियाचे विंडोज फोन, चालत राहिले, छान चालत राहिले. ल्युमिया ५२०सारखा स्वस्त फोन जितका सुरळीत चालायचा तितका त्या किमतीतला अँड्रॉइड तेव्हा चालत नव्हता, हे मी आजही म्हणेन. ऑक्टोबर २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जो बेलफिओर यांनी उघड सांगितलं की नव्या सुविधा आणि नवे फोन यांवर आता भर नाही. १६ डिसेंबर २०१९ला विंडोज फोन ८.१चं स्टोअर बंद, ३१ डिसेंबरला व्हॉट्सॲप बंद.

तुमच्या लाडक्या ब्लॅकबेरीची आधीची पिढी, म्हणजे क्यू-१० आणि पासपोर्टवाली ब्लॅकबेरी १०, ती जानेवारी २०१३मध्ये आली. व्हॉट्सॲप गेलं २०१७च्या शेवटी, ब्लॅकबेरीची स्वतःची निरोपांची सेवा बीबीएम गेली ३१ मे २०१९ला, आणि ४ जानेवारी २०२२ला ब्लॅकबेरीने या फोनांमागे चालणाऱ्या सेवाच बंद केल्या. त्यानंतर कॉल आणि एसएमएससुद्धा भरवशाने चालतील याची हमी राहिली नाही.

सिंबियन आणि विंडोज फोन, दोन्हींत कंपनीने मन काढून घेतल्यापासून तुमच्या हातातला फोन अडेपर्यंत चार ते सहा वर्षं जातात. हाच काळ फसवतो. फोन रोज नीट चालतो, आणि माणसाला वाटतं की ओरडणारे उगाच ओरडत होते. मग ज्या दिवशी अडतो तो दिवस फोनवाली कंपनी सहसा ठरवतच नाही. तो ठरवतो तिसराच माणूस, ज्याचा तुमच्या फोनशी संबंध एवढाच की त्याचं ॲप त्यावर आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲप असतो, आणि आता त्याच्या जोडीला बँक.

निष्ठेबद्दलही बोलू, कारण तुमच्या प्रश्नात तो शब्द दोनदा आलाय. ज्यांनी विंडोज फोन ७ घेतला, म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी विश्वास टाकला, त्यांना जून २०१२मध्ये सांगण्यात आलं की तुमचे फोन विंडोज फोन ८वर जाणार नाहीत. ल्युमिया ९०० अमेरिकेत त्याच एप्रिलमध्ये बाजारात आलेला होता! त्यांच्या हाती विंडोज फोन ७.८ नावाचं सांत्वन पडलं. ज्यांनी वर्षभर वाट पाहून ल्युमिया ५२० घेतला ते मजेत राहिले. पडत्या प्लॅटफॉर्मवर कंपनी जीव वाचवायला दिशा बदलते तेव्हा पहिला तडाखा बसतो तो सगळ्यात जुन्या, सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाइकाला. त्यात कंपनीची दुष्टाई नसते. तिला नवं गिऱ्हाईक हवं असतं, आणि जुनं तर आहेच असं ती धरून चालते.

दुसरा फटका आपल्याच देशात बसला. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी झाली, ३० डिसेंबरला भीम ॲप आलं, तेही आधी फक्त अँड्रॉइडवर. पुढे आयफोनवर आलं. विंडोजवर आलंच नाही. माझी ल्युमियावाली गिऱ्हाइकं तेव्हा वॉलेटवर भागवत होती, किंवा *९९# दाबून साध्या फोनसारखे पैसे पाठवत होती. त्यांचा फोन आदल्या दिवशी होता तसाच होता. त्याच्याभोवतीचं जग एका महिन्यात बदललं आणि त्या बदलात त्यांच्या प्लॅटफॉर्मला कोणी हिशेबात धरलं नव्हतं. चालू प्लॅटफॉर्म आणि उतरता प्लॅटफॉर्म यांतला फरक असा एरवी दिसत नाही, नवीन काही येतं त्या दिवशी दिसतो.

आता तुमच्या फोनकडे येतो. की-टू वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. नाव ब्लॅकबेरीचं, बनवला चीनच्या टीसीएल कंपनीने परवान्यावर, भारतात आणला ऑप्टिमसने, आणि आत अँड्रॉइड ८.१. म्हणूनच ४ जानेवारी २०२२ला तुमच्या फोनला धक्का लागला नाही, आणि बहुधा म्हणूनच तुम्हाला वाटलं की आपण सुटलो. पण हे सामाईक मालकीच्या वाड्यासारखं आहे, तुम्हाला मी वेगळं काय सांगू. एक हिस्सेदार गेला तरी वाडा उभा दिसतो. टीसीएलचा परवाना ३१ ऑगस्ट २०२०ला संपला. विकलेले फोन आणखी दोन वर्षं सांभाळू असं त्यांनी म्हटलं होतं, ती मुदतही ऑगस्ट २०२२ला संपली. अँड्रॉइड ९ तुमच्या फोनला कधी मिळालंच नाही. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबून बराच काळ झाला.

आणि आता गूगलचा हिस्साही निघतोय. ऑगस्ट २०२५मध्ये क्रोमची १३९वी आवृत्ती आली. तिला किमान अँड्रॉइड १० लागतं. तुमचा क्रोम १३८वर गोठला. तुम्ही म्हणाल, मी फायरफॉक्स टाकेन. टाका, सध्या चालतो. पण बऱ्याच ॲप्सच्या आत जी पानं उघडतात, बँकेचं लॉगिन, पैसे भरायचं पान, केवायसीचा फॉर्म, ती वेबव्ह्यू नावाच्या भागावर चालतात, आणि तो भाग क्रोमबरोबरच गोठतो. त्याच्या जागी फायरफॉक्स बसत नाही. तुमच्या बँकेने पाटी याच कारणाने दाखवली असं मी म्हणत नाही, प्रत्येक बँक आपली किमान आवृत्ती आपण ठरवते. पण एक बँक ठरवते तेव्हा बाकीच्या फार मागे राहत नाहीत.

घरी एक तपासणी करा. ज्युनिअरचा फोन शेजारी ठेवा. तुमच्या कामाची जी पाच-सहा ॲप्स आहेत त्यांची आवृत्ती दोन्ही फोनच्या सेटिंगमध्ये बघा. त्याची पुढे गेलीय आणि तुमची अपडेट करूनही जागची हलत नाही, असं ज्या ज्या ॲपचं दिसेल ते तुमच्यासाठी थांबलेलं आहे, आज चालत असलं तरी. दोन थांबलेली असतील तर विचार सुरू करायचा. त्यांत बँक असेल तर विचाराची वेळ गेली, कामाला लागायचं.

अशीच एक वाळवी प्रमाणपत्रांची. प्रत्येक फोनमध्ये भरवशाच्या संस्थांची एक यादी असते, तिच्यावरून फोन ठरवतो की समोरची वेबसाइट खरी. ती यादी अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत फोनच्या अपडेटबरोबरच बदलते, एरवी नाही. ३० सप्टेंबर २०२१ला अशा एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि आयओएस ९वर अडकलेल्या आयफोनांवर कितीतरी साइट उघडेनाशा झाल्या. लोक मला म्हणायचे, नेट खराब आहे. नेट ठणठणीत होतं. तुमचा ८.१ त्या वेळी तगला, पण त्याची यादीही आता वाढणार नाही.

बॅटरीबद्दल. 'नवीन ओरिजिनल' बॅटरी मिळेल असं कोणी म्हणालं तर विचारा, बनली कधी? लिथियमची बॅटरी डब्यात पडूनही म्हातारी होते. २०१९ साली बनलेली, कधी न वापरलेली बॅटरी आज नवीन नसते, फक्त न वापरलेली असते. आणि जी खरंच नवीन असते तिच्यावर छापलेले ३५०० एमएएच मी छपाई म्हणून वाचतो. तरी बदलायची तर बदला, चालती करून देता येईल, एक-दीड वर्ष निघेल. पण आधी फोन काचेच्या टेबलावर पाठीवर ठेवा. डुगडुगला, किंवा कडेला कव्हर उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंगला लावून झोपू नका, आणि उद्याच घेऊन या.

खरी अडचण बॅटरीची नाही, सुट्या भागांची आहे. प्लॅटफॉर्मची तब्येत मी बातम्यांवरून नाही, पार्टवाल्याच्या रॅकवरून ओळखतो. फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, हजर स्टॉकमध्ये आहे तोवर फोन जिवंत. 'दिल्लीहून मागवावा लागेल' म्हणाला की उतरती लागली. 'डेड सेट बघतो' म्हणाला की संपलं. की-टू आता त्या तिसऱ्या पायरीवर आहे. कीबोर्डची फ्लेक्स पट्टी, जिच्यामुळे बटणांवर बोट फिरवून तुम्ही पान सरकवता ती, दुसऱ्या मेलेल्या की-टूमधूनच काढावी लागते, आणि तीही किती दिवसांची हे सांगता येत नाही. उद्या ती पट्टी गेली तर ज्या कीबोर्डसाठी तुम्ही हा सगळा आटापिटा करताय तोच आधी जाईल.

ज्युनिअरने म्हणे सुचवलं की नवा अँड्रॉइड फ्लॅश करून घ्या. इतर जुन्या फोनांवर लोक लिनिएज-ओएस नावाचा बाहेरचा अँड्रॉइड टाकून वर्षं काढतात, खरं आहे. पण ब्लॅकबेरीने आपल्या अँड्रॉइड फोनांचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम उघडणारा भाग, मुद्दाम कुलूपबंद ठेवला होता. सुरक्षित फोन म्हणून जी गोष्ट तुम्हाला विकली तीच आता आड येते. त्या नादी लागू नका.

आता थांबण्याचा मुद्दा. ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेतल्या ऑनवर्डमोबिलिटी या कंपनीने जाहीर केलं की कीबोर्डवाला ५जी ब्लॅकबेरी २०२१मध्ये आणू. २०२१ गेलं. फेब्रुवारी २०२२मध्ये कंपनीच बंद झाली. फोन कोणी पाहिलाच नाही. त्या दीड वर्षात माझ्या ओळखीतल्या ब्लॅकबेरीवाल्यांनी फोन बदलणं पुढे ढकललं, आणि त्यांतले काही पुढे बंद फोन घेऊन माझ्याकडेच आले.

मला विचाराल तर तुमची निष्ठा ब्लॅकबेरीवर नाहीच. की-टूमध्ये ब्लॅकबेरीचं होतं काय? नाव, सगळे मेल आणि निरोप एकत्र दाखवणारं हब, आणि सुरक्षेची थोडी कलाकुसर. फोन टीसीएलचा, सिस्टिम गूगलची. तुमचं प्रेम ३५ बटणांवर आहे. हे वेगळं केलंत की वाट सोपी होते, कारण बटणं दुसरीकडेही मिळतात. युनिहर्ट्झ नावाची चिनी कंपनी टायटन मालिकेत कीबोर्डवाले अँड्रॉइड फोन काढते. आयफोनला खालून जोडायचं क्लिक्स नावाचं कीबोर्डचं कव्हर २०२४पासून मिळतं. युनिहर्ट्झ मी तुम्हाला मुख्य फोन म्हणून घ्या म्हणणार नाही. इंदुरात त्याचा पार्ट मिळायची मारामार, म्हणजे एका विहिरीतून निघून दुसरीत. क्लिक्सने फोन लांबलचक होतो, खिशातून डोकावतो, पण मागचा फोन तरी चालत्या प्लॅटफॉर्मचा असतो आणि कव्हर आवडलं नाही तर काढून ठेवता येतं. आणि जाताजाता, तुमच्या बटणांवर देवनागरी कधीच नव्हती. पक्षकारांना तुम्ही मराठी आणि हिंदी दोन्ही रोमनमध्येच पाठवत आलात. गूगलच्या जीबोर्डवर मराठी बोलून टाइप करून बघा, राजवाड्याच्या गर्दीत नाही, चेंबरमध्ये. तुमच्यासारख्या स्पष्ट बोलणाऱ्याचं ते बरंच अचूक उतरवतं.

जुन्याशी चिकटून राहणं नेहमीच चूक, असं मात्र मी म्हणणार नाही. रामबागेतले एक निवृत्त गृहस्थ अजून नोकियाचा ई-सिरीज वापरतात. फक्त फोन करायला आणि घ्यायला. ३जी गेलं तरी एअरटेलचं २जी आहे, त्यांचं भागतं. त्यांना मी बदला म्हणत नाही, कारण त्या फोनवर त्यांचं असं काहीच नाही जे तिसऱ्याच्या मर्जीवर चालतं. उलट तुमच्या मुन्शींकडे जिओफोन असेल आणि तारखा ते व्हॉट्सॲपवर घेत असतील तर त्यांचं आधी बघा. जिओफोनची सिस्टिम काइओएस, तिच्या स्टोअरमधून व्हॉट्सॲप २०२४मध्येच काढून घेतलंय.

आता निघायचं कसं. घाई नको, पण क्रम चुकवू नका.

सर्वांत आधी लॉकर. की-टूमध्ये स्पेसबारवर बोट ठेवून काढलेले फोटो लॉकरमध्ये जातात, आणि ते क्लाउडवर चढत नाहीत. तोच त्याचा उद्देश होता. लोक 'सगळं गूगलवर आहे' म्हणून निर्धास्त असतात आणि नेमके खासगी कागदांचे फोटो मागे राहतात. ते हाताने बाहेर काढा. मेमरी कार्ड फोनच्या अंतर्गत साठवणीत जोडून घेतलं असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये किंवा संगणकात वाचलं जाणार नाही, त्यातलंही आधी कॉपी करा. पासवर्ड कीपरमधले पासवर्ड तो ॲप उघडतोय तोवर काढून घ्या.

मग मेल. हबमध्ये दिसते म्हणजे मेल सुरक्षित आहे असं नाही. खातं आयमॅपवर असेल तर मेल सर्व्हरवर आहे, चिंता नाही. जुनं ऑफिसचं खातं पॉपवर लावलेलं असेल तर कदाचित काही मेल फक्त त्या फोनवरच असतील. संपर्कांचंही बघून घ्या, कोणते गूगलवर आणि कोणते नुसते फोनवर. सगळ्यांची एक व्हीकार्ड फाइल काढून स्वतःला मेल करा, दोन मिनिटांचं काम आहे.

व्हॉट्सॲपमध्ये तुमचं नशीब चांगलं आहे. सिंबियन, विंडोज आणि ब्लॅकबेरी १०वरून अँड्रॉइडवर चॅट नेण्याची अधिकृत वाट नव्हतीच. वर्षांच्या गप्पा, व्यवहार, मुलांचे फोटो तिथंच राहिले, आणि मी लोकांना 'नाही होत' हेच सांगत बसायचो. तुमचा फोन अँड्रॉइड असल्याने ड्राइव्हवर बॅकअप घेऊन, तोच नंबर आणि तेच गूगल खातं वापरून, सगळं नव्या अँड्रॉइडवर येतं. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावलेला असेल तर तो आधी आठवा. आयफोन घेणार असाल तर एक सापळा आहे. चॅट 'मूव्ह टू आयओएस'मधून जातात आणि त्यासाठी आयफोन कोरा लागतो. दुकानातला मुलगा उत्साहाने फोन सुरू करून देतो, तुम्ही दोन दिवस वापरता, आणि मग चॅट आणायला तो पुन्हा पुसावा लागतो. डबा घरी आणून, दोन्ही फोन शेजारी ठेवूनच उघडा.

यानंतर ऑथेंटिकेटरचे, म्हणजे लॉगिनसाठी दुसरा कोड दाखवणाऱ्या ॲपचे, कोड. जुन्या फोनवर एक्स्पोर्टचा क्यूआर काढून नव्याने स्कॅन करायचा. सिम शेवटी काढायचं, आणि सिम नव्या फोनमध्ये गेल्यावर यूपीआय. यूपीआय फोन आणि सिम अशी जोडी बांधतं. नव्या फोनमधून एसएमएस आपोआप जातो तेव्हा ती जोडी पक्की होते, म्हणून सिम आधी तिथं हवं, त्यात एसएमएसपुरते पैसे हवेत. बहुतेक बँका पहिले २४ तास रकमेवर मर्यादा ठेवतात. कोर्टफी भरायच्या दिवशी किंवा लग्नाच्या खरेदीला निघताना हे करू नका. शनिवार संध्याकाळ चांगली.

नवा कोणता घ्यावा यावर मी फार बोलणार नाही, ते दुकानदार बोलतीलच. एकच विचारा: सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या सालापर्यंत? गूगलने ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८पासून, सॅमसंगने जानेवारी २०२४मध्ये गॅलॅक्सी एस-२४पासून सात वर्षं कबूल केली आहेत. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल निम्म्या किमतीत दिसतं तेव्हा त्यातली दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. स्वस्त मॉडेलांना ही मुदत बरीच कमी असते, तेव्हा पेटीवरच्या मेगापिक्सेलआधी ती वाचा.

आणि की-टू फॉरमॅट का करू नका म्हणालो ते. तुमच्या चालू प्रकरणांतले निरोप, ऑडिओ आणि फोटो मूळ त्या फोनवर आलेले आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र देताना मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं, हे तुम्ही मला शिकवाल. सिम काढा, बँकेची ॲप्स काढा, बाकी तसंच राहू द्या. त्यावरचं व्हॉट्सॲप नंबर हलल्यावर बाहेर पडेल, पण फोनवरच्या फाइली पुसल्या जात नाहीत. पुन्हा आत शिरायचा किंवा ॲप काढून परत टाकायचा प्रयत्न करू नका. बॅटरी फुगलेली नसेल तर अर्धी चार्ज करून फोन बंद करा, थंड कपाटात ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी एकदा पुन्हा अर्ध्यापर्यंत चार्ज करा. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की उठत नाही. फुगलेली निघाली तर कपाटात ठेवायच्या आधी माझ्याकडे आणा, बदलून देतो. त्या वेळी फोनचं लॉक तुम्ही स्वतः उघडायला या, पिन लिहून ज्युनिअरबरोबर पाठवू नका.